सिडनी बंदरावरील मॅक्वारीबाईंची खुर्ची

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं जाणारा प्रवासी १९७३ सालीं उघडलेलें ऑपेरा हाउस पाहतो, १९३२ सालच्या पोलादी पुलाची कमान पाहतो, आणि तृप्त होऊन परततो. परंतु हीं दोन्ही जेथून एका दृष्टिक्षेपांत दिसतात, त्या टोंकाचाच इतिहास आम्हांस अधिक मनोरंजक वाटला. फार्म कोव्ह व वुलूमुलू या दोन उपसागरांच्या मध्यें ही जमिनीची जीभ पाण्यांत शिरली आहे. येथील मूळचे गडिगल लोक तिला युराँग म्हणत. १७८८ सालीं कैद्यांनीं भरलेलीं इंग्रजांचीं गलबतें या बंदरांत आलीं, वसाहत झाली, आणि स्थळांचीं नांवें पालटलीं.

टोंकावर वालुकाश्माचा एक खडक पुढें झुकलेला असून त्याच्या पोटांत लांब बांकासारखें आसन कोरलें आहे. खुर्ची कसली, नदीच्या घाटावरील पायरीच म्हणावी! १८१० ते १८२१ पर्यंत न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर असलेल्या लॅक्लन मॅक्वारीची पत्नी एलिझाबेथ हिच्यासाठीं तें कैद्यांकडून खोदविलें. विलायतेहून येणाऱ्या गलबतांची वाट पाहत ती येथें बसे, असें सांगतात. माहेरच्या पत्राकडे डोळे लावून बसणें म्हणजे काय, हें आमच्या सोबतच्या स्त्रियांस निराळें समजावून द्यावें लागलें नाहीं.

पण आम्हांस त्या आख्यायिकेपेक्षां आसनावरील खडकांत कोरलेला लेख मोलाचा वाटतो. सरकारी उद्यानांतून काढलेला हा रस्ता ३ मैल ३७७ यार्ड लांबीचा असून १३ जून १८१६ रोजीं पुरा झाला, आणि त्याची मूळ आंखणी बाईंची म्हणून त्यास त्यांचें नांव दिलें, असा त्याचा आशय. पत्नीच्या कल्पनेचें श्रेय गव्हर्नरानें दगडावर लिहून दिलें! आपल्याकडे घराची, परसाची सारी योजना गृहिणीनें करावी आणि शिलेवर नांव मात्र यजमानांचें लागावें, हें आपण पाहतोंच. मात्र ज्या कैद्यांनीं छिन्नी चालविली, त्यांपैकीं एकाचेंही नांव तेथें नाहीं.

या दांपत्याचा मुंबईशींही एक करुण संबंध आहे. लॅक्लन १७८८ सालीं पलटणीबरोबर मुंबईस आला. १७९३ सालीं त्यानें जेन जार्विस हिच्याशीं पहिला विवाह केला. ती १७९६ सालीं मकाव येथें क्षयानें वारली; तिचें शव मुंबईस आणून पुरलें. एलिझाबेथशीं लग्न १८०७ चें. पुढल्या वर्षीं तिला मुलगी झाली व तान्हेपणींच गेली. त्या मुलीचें नांव जेन जार्विस ठेविलें होतें. गेलेल्या सवतीचें नांव आपल्या पहिल्या लेकीस देणाऱ्या या स्त्रीविषयीं आमचा आदर दुणावला.

समोर पाण्यांत फोर्ट डेनिसनचा बुरूज दिसतो. सूर्य पुलाच्या बाजूस मावळतो, म्हणून सायंकाळीं जावें. आम्ही गेलों तेव्हां आसनावर बसून छायाचित्र काढविणाऱ्यांची रांगच लागली होती. आमच्या वहिनींनीं मात्र आधीं लेख अक्षर न् अक्षर वाचून काढला, आणि मैलांचा व यार्डांचा हिशेब करून, रस्ता पांच किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो, असें आम्हां सर्वांस सांगितलें.