अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र

आम्ही बेळगावातले मराठी ख्रिस्ती. रोज रात्री जेवणाआधी सर्वांनी बसून पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायचा, ही आमच्या घरची आजोबांच्या वेळेपासूनची रीत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तिन्हीसांजेला शुभंकरोती किंवा हरिपाठ होतो, तसेच हे. मुलांचे अर्धे लक्ष स्वयंपाकघराकडे असते, तेही तसेच.

मुलांची आजी गेली आणि आठवीत शिकणारी आमची धाकटी एकदम गप्प झाली. भेटायला येणारी माणसे मायेनेच म्हणत, "रडायचं नाही हं, प्रभूवर विश्वास ठेवायचा." ती मान हलवायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. विश्वास असला म्हणजे दुःख होऊच नये, असे काहीतरी तिच्या मनात घर करू लागले होते.

त्या दिवसांत आमची स्तोत्रसंहिता चालू होती. एकूण स्तोत्रे १५०. त्यांत सगळी स्तुतीच असणार असे पुष्कळांना वाटते. पण रडण्याची, देवाकडे तक्रार करण्याची स्तोत्रेही कितीतरी आहेत. तेराव्याच्या आरंभी देवाला 'कुठवर' असे चार वेळा विचारले आहे. ते निदान सहा वचनांत भरवशापर्यंत येऊन पोचते. अठ्ठ्याऐंशीवे पोचतच नाही. मूळ इब्री भाषेत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे.

ते वाचून झाले तेव्हा धाकटीने विचारले, "पुढचं पान फाटलंय का?"

"नाही गं, एवढंच आहे."

"मग हे शास्त्रात कसं ठेवलं?"

ठेवले आहे खरे, एवढेच आम्ही म्हणालो. त्या रात्री जेवायला फार उशीर झाला. आजी गेली त्या वेळी आपण स्नेहसंमेलनाच्या तालमीत नाचत होतो, हे तिने पहिल्यांदा बोलून दाखवले.

आम्हांला पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात आईवडील गेले, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा. केडगावला त्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या, साध्या बायाबापड्यांना वाचता यावे म्हणून. मुलीनंतरही ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर, १९२४ साली निघाला. विलापाची ती स्तोत्रे अशा बाईच्या हातून मराठीत उतरली आहेत.

एलीया संदेष्ट्याची गोष्टही आम्ही मुद्दाम वाचली. जीव नकोसा होऊन तो रानात झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. मग तो चाळीस दिवस चालला.

धाकटीची झोप मात्र बरेच दिवस सुधारली नाही. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. प्रार्थनाही चालूच होती. दोन्हींत भांडण असते असे आम्हांला वाटत नाही. वर्गशिक्षिकाबाईंनी तिला काही दिवस मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसू दिले. ज्यांना घरी बोलणे जड जाते, त्यांच्यासाठी २०२२ पासून भारत सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तो रात्रीही लागतो.