पिवळी बस, लाल एसटी

माझा जन्म १९६० चा, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीतला. वडील धरणाच्या कामावर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, ती थंडी अजून अंगावर येते. त्या पहाटे आमच्या भागातली पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. त्यामुळे धरण म्हणजे बघायला जायची जागा, असं मला कधी वाटलंच नाही. ते आमच्या घरातलंच एक माणूस होतं.

शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, २०१९ च्या जुलैत, मी भाचीकडे स्वित्झर्लंडला गेले. ती लोझान शहरात राहते. आधी ओळखीच्या एकांनी दहा दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या सहलीचं पत्रक आणून दिलं होतं. ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा भाची म्हणाली, “मावशी, येतेस तर महिनाभर ये. या प्रवासात सगळ्यात जास्त धूर विमानाचाच. तो एकदा सोडला की मग एका जागी राहा, आगगाडीनं फिर, पायी फिर.” मला ते पटलं. सहा देशांचे फोटो आणण्यापेक्षा एक खोरं नीट बघावं, असं ठरवून निघाले.

काय बघायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, “धरण.” ती हसली, पण वेळापत्रक काढून बसली. लोझानहून सिओंला आगगाडी, तिथून टपाल खात्याची पिवळी बस. बस वळणं घेत वर चढत गेली आणि थेट ग्रांद दिक्सांस धरणाच्या पायथ्याशी थांबली. २८५ मीटर उंचीची काँक्रीटची भिंत! आमचं कोयना धरण १०३ मीटरचं. दोन्ही कामं साधारण एकाच काळातली, पन्नास-साठच्या दशकातली. मान वर करून त्या भिंतीकडे बघताना वडील आठवले आणि डोळे भरून आले. धरण बांधणाऱ्या मजुरांसाठी उभारलेल्या इमारतीत आता प्रवासी उतरतात. नवं बांधायचं सोडून जुनंच वापरात आणलेलं बघून बरं वाटलं.

पायथ्याशी मोटारीही उभ्या होत्या. पण बसमधून उतरलेल्या आमच्याकडे बिचारे म्हणून कुणी बघत नव्हतं. सत्तरीतली जोडपी, पाठीवर पिशव्या घेतलेली शाळकरी मुलं, सगळे त्याच बसनं आले होते. खालच्या गावात कारंज्याच्या नळाला लोक बाटल्या भरत होते. आम्हीही भरल्या आणि घरून नेलेल्या पोळ्या बाकावर बसून खाल्ल्या.

त्या महिन्यात मी सगळ्यात जास्त शिकले ते मात्र भाचीच्या स्वयंपाकघरात. तिथे कचरा टाकायची पिशवी विकत घ्यावी लागते आणि तिच्या किमतीतच कर असतो. जेवढ्या पिशव्या भराल तेवढे पैसे. म्हणून ती बाजारातून वेष्टनाची वस्तू आणतानाच दोनदा विचार करते. सालं वेगळी, काच वेगळी, कागद वेगळा. जो घाण करतो त्यानं निस्तरायची, एवढा सरळ हिशेब.

ऑगस्टमध्ये परत आले. कोयनानगरला पाऊस कोसळत होता. आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. डोंगर दिसत नाहीत, नुसता पाण्याचा आवाज येतो. रविवारी नवजाच्या रस्त्याला गेले. ओझर्डे धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. गाण्यांचा गोंगाट, आणि ओढ्याच्या कडेला थर्माकोलच्या ताटल्या, वेफर्सची पाकिटं, फुटक्या बाटल्या. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आणि ही जागा तरी कुठली? कोयना अभयारण्य १९८५ चं. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव लागलं. युरोपातली माणसं ज्या यादीतल्या जागा बघायला देशोदेशी फिरतात, त्याच यादीतली ही जागा. तिच्या ओढ्यात आपल्या पोराबाळांची उष्टी पाकिटं वाहत होती. मला फार लागलं ते.

पण नुसतं हळहळून काय होणार? पुढच्या आठवड्यात पुण्याहून भाचा बायको-मुलांसह यायचा होता. त्याला फोन करून सांगितलं, “गाडी आणू नकोस. कऱ्हाडपर्यंत रेल्वेनं ये, तिथून चिपळूणच्या वाटेची एसटी धर. बाटल्या भरून आण, डबा स्टीलचा आण.”

“मावशी, पोरं दमतील गं.”

“दमू देत. खिडकीत बसून पाटणचं खोरं बघतील.”

आले बिचारे भिजत. पण मुलं सांगत होती की कंडक्टरकाकांनी आम्हाला नदी कुठे वळते ते दाखवलं. जेवायला मी त्यांना हॉटेलात नेलं नाही. शेजारच्या वाडीतल्या एका बाईंकडे सांगून ठेवलं होतं. चुलीवरची नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, ठेचा आणि भात. पैसे त्यांच्या हातात पडले. धबधब्याकडे गेलो तेव्हा मुलांच्या हातात एक रिकामी पिशवी दिली आणि येताना आपला कचरा आपण आणायचा, एवढंच सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांचाही उचलला.

हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. आमच्या आया फडक्यात भाकरी बांधून एसटीनंच फिरल्या. इथल्या वासोटा किल्ल्यावर जाताना जंगलाच्या तोंडाशी वनखात्याच्या चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, परतताना त्या दाखवल्या की पैसे परत. भाचीच्या कराच्या पिशवीचा हिशेब आणि हा हिशेब एकच. फरक एवढाच की तिथे तो प्रत्येक घरात पोचला आहे, आपल्याकडे अजून चौकीपुरता आहे.

आणखी एक गोष्ट मला दर पाहुण्याला सांगावीशी वाटते. कोयना धरणाच्या जलाशयाचे, शिवसागराच्या निळ्या पाण्याचे फोटो सगळे काढतात. त्या पाण्याखाली गावं आहेत. तिथली माणसं उठून रायगड, ठाणे, सोलापूरकडे गेली, आणि साठ वर्षं उलटली तरी हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसणारी कुटुंबं अजून आहेत. मुंबई-पुण्याच्या घरात जो दिवा लागतो, त्यात या पाण्याची वीज आहे. म्हणजे इथे येणारा प्रत्येक माणूस या खोऱ्याचं आधीच देणं लागतो. त्यानं इथे येऊन आणखी ओझं टाकू नये, जमलं तर थोडं फेडून जावं.

तेव्हा कोयनेला जरूर या. स्वित्झर्लंडला जमेल तेव्हा तिथेही जा, पण गेलात तर घाई करू नका. इथे येताना कऱ्हाडला उतरा, लाल एसटी धरा, एक रात्र तरी राहा, वाडीतल्या माणसाच्या घरी जेवा. आणि जाताना आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्या.