कर्नल आणि हवालदार

वडील जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ पासून तोफांचे गाडे बांधणाऱ्या त्या कारखान्यावर आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं जगली. तोफ सुटल्यावर पलीकडे काय होतं, ते मला हाडांची सर्जरी शिकायला लागल्यावर कळलं. ज्या दोघांमुळे कळलं, त्यांचं देणं माझ्यावर आहे.

पहिले कर्नलसाहेब, लष्करातून निवृत्त झालेले सर्जन. वॉर्डात हिंदी, माझ्याशी मराठी. मी एक्स-रेवर जीव टाकणारा पोरगा. हाड सरळ बसलं की काम झालं, अशी माझी समजूत. नडगी मोडून कातडीबाहेर आलेली दिसली की माझ्या डोक्यात प्लेट आणि स्क्रू. ते विचारत, "अरे, आत काय काय गेलंय ते बघितलंस?"

मग लष्करातलं सांगत. सुरुंगावर पाय पडला की स्फोटाबरोबर माती, बुटाचं कातडं, मोज्याचे धागे स्नायूंच्या थरांतून वर घुसतात. जखम बाहेरून दिसते त्याहून आत मोठी असते. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणून अँटिबायोटिकही जात नाही. जंतूंना मोकळं रान. ते मांस ओळखायला साहेबांनी मला शिकवलं. रंग बघ, बोटाला घट्ट लागतं का बघ, चिमट्यात धरल्यावर आकसतं का, कापल्यावर रक्त येतं का. मग सलाईनच्या बाटल्या उंच टांगून जखम धुवायची. धुऊन झालं की मी टाक्यांसाठी सुई मागे आणि ते सिस्टरला मानेनेच नको म्हणत. अशी जखम उघडी ठेवायची, चार-पाच दिवसांनी पुन्हा बघायची, स्वच्छ असेल तरच मिटवायची. मला तो नुसता लष्करी हेका वाटे.

पुढे अमेरिकेतले हाडांचे सर्जन गुस्टिलो यांचा १९८४ चा लेख वाचला. हाड झाकायला मांसच उरलेलं नाही, अशा जखमांपैकी ५२ टक्के त्यांच्याकडे चिघळल्या होत्या. तेव्हा कुठे त्या हेक्याचा अर्थ लागला. २०१५ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत उघड्या फ्रॅक्चरची जखम धुताना जोराच्या फवाऱ्याचा जास्त फायदा दिसला नाही आणि साबणाच्या पाण्यापेक्षा साधं सलाईन सरस ठरलं. आमच्या टांगलेल्या बाटल्या मला तेव्हा फार आठवल्या.

दुसरे हवालदारसाहेब. १९७१ च्या लढाईत सुरुंगाने नडगी फुटलेली, तरी पाय वाचलेला. कितीतरी वर्षं ठणठणीत चालले आणि एक दिवस जुन्या व्रणातून पू घेऊन माझ्यासमोर बसले. आत मेलेल्या हाडाचा तुकडा होता. हाडातला जंतू इतकी वर्षं दबा धरून बसतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. खरं मानलं ते त्यांच्या पायामुळे. तुकडा काढला, तरी दोनदा पुन्हा वाहिलं. त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही. उलट जखमेचा वास कधी बदलतो, ताप यायच्या आधी पाय कसा जड होतो, हे तेच मला सांगत. मी लिहून घेई.

बरे झाल्यावरही ते वॉर्डात येत राहिले. ट्रॅक्टरखाली पाय सापडलेल्या पोरांच्या खाटेशी स्टूल ओढून बसत आणि उशीखालची बिडी काढून घेत. बिडी ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, जखमही जास्त चिघळते, हे मी राउंडला घसा कोरडा करून सांगे, कोणी ऐकत नसे. त्यांचं ऐकत. जप्त केलेल्या बिड्या ते मात्र बाहेर जाऊन स्वतः ओढत.