पडद्याआडची गोष्ट

काही माणसांच्या हातात जन्मतःच गुण असतो. त्यांनी नुसता हात लावला की बंद पडलेलं घड्याळ चालू लागतं, गळका नळ शरमेने गळायचा थांबतो. माझ्या हातातही गुण आहे, पण तो उलट्या दिशेने चालतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी घरातली इस्त्री दुरुस्त केली होती. त्यानंतर ती फक्त दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरता आली. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही यंत्राने नुसता खोकला काढला, तरी आमची सौ. आधी स्क्रू ड्रायव्हर लपवते आणि मग कारागिराला फोन करते.

असा मी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, घरातल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याचा फुटलेला पडदा बदलायला बसलो होतो, हे सांगितलं तर माझ्या ओळखीचं कुणी विश्वास ठेवणार नाही. पण माणूस दोन कारणांसाठी अचाट धाडसं करतो. एक प्रेमासाठी आणि दुसरं पुरावा नष्ट करण्यासाठी. माझ्या बाबतीत दोन्ही एकत्र आली होती.

झालं ते असं. आमची मुलगी टोरांटोला असते. तिच्या मुलीला, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या नातीला, सौ. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला मराठी शिकवते. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. नात दूध पीत पीत 'अ' आणि 'आ' गिरवत गिरवत आता जोडाक्षरांपर्यंत आली आहे. तुम्ही म्हणाल, त्याला लॅपटॉप कशाला, मोबाईलवर होत नाही का? मीही तेच म्हणालो होतो. त्यावर सौ. म्हणाली, "मोबाईलवर तिला 'घ' आणि 'ध' एकच दिसतात. उद्या ती 'घर' ला 'धर' म्हणाली, तर तुम्ही जबाबदार." छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो, एवढं शिक्षण मला घरीच मिळालं आहे.

एका सोमवारी रात्री मी त्या लॅपटॉपवर बातम्या वाचत होतो. डोळे मिटायला लागले म्हणून चष्मा काढला, जरा वेळ टेकवायचा म्हणून खालच्या बटणांवर ठेवला आणि मग सवयीने झाकण मिटलं. 'कर्र' असा बारीकसा आवाज आला. पापड मोडल्यासारखा. मी झाकण उघडलं, चष्मा काढून घेतला, झाकण पुन्हा मिटलं आणि झोपायला गेलो. आत काय झालंय ते मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते घडलं नाही, अशी माझी त्या वेळी प्रामाणिक समजूत होती.

मंगळवारी सकाळी सौ.ने झाकण उघडलं. पडद्याच्या डाव्या अंगाला दौत लवंडल्यासारखा काळा डाग आणि उजवीकडे हिरव्या-गुलाबी उभ्या रेघा. एखाद्या पैठणीचे काठ उसवावेत तशा. ती मटकन खुर्चीत बसली.

"अहो," ती म्हणाली, "माझ्यामुळेच झालं हो हे. काल रात्री मी याच्यावर शब्दकोश ठेवला होता."

आमचा शब्दकोश चांगला जाडजूड आहे. नातीसाठी शब्द काढायला तिने तो माळ्यावरून काढला होता, आणि तो खरोखरच रात्रभर मिटलेल्या लॅपटॉपवर बसून होता.

इथे सद्गृहस्थाने काय बोलायला हवं होतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. मी म्हणालो, "असू दे गं. होतं असं कधी कधी."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते इतकं वाईट होतं.

गंमत अशी, की पुढचे दोन दिवस मला फार बरं वाटलं. घरात चूक करण्याचं खातं अडतीस वर्षं माझ्याकडे होतं. दूध उतू घालवणं, किल्ली विसरणं, पाहुण्यांसमोर भलतंच बोलणं, सगळं माझ्या नावावर. आणि आता अचानक मी क्षमा करणारा झालो होतो. सौ. चहा विचारून करत होती. मुलीला फोनवर तिनेच सांगितलं, "माझ्या हातून फुटला गं." मी शेजारी बसून उदार चेहरा करून मान हलवत होतो.

पण गुरुवारी एक गोष्ट झाली. तिने स्टुलावर चढून शब्दकोश पुन्हा माळ्यावर ठेवला आणि खाली उतरून म्हणाली, "आता वय झालं माझं. या महागाच्या वस्तूंना मी हात नाही लावायचा. तिला म्हणावं, तिकडेच एखादा क्लास लाव." हे तिने रागाने म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. ती अगदी शांतपणे म्हणाली.

त्याच दुपारी मी लॅपटॉप काखोटीला मारून एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने झाकण उघडलं, एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, आत काय राहिलं होतं? पेन की चष्मा?"

मी चपापलो. "वरून काही जड ठेवलं तर असं होतं का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वरून वजन आलं तर वेगळं फुटतं काका. हे बघा, इथून टोचलंय आतून. दोन ठिकाणी. चष्माच असणार." आणि वर म्हणाला, "पिकअप करायला आमचा माणूस घरी येईल, काकूंकडे द्या."

म्हणजे तो माणूस घरी येणार, दारात उभा राहून सौ.ला विचारणार, "काकू, चष्मा कुणाचा होता?" त्यांनी सांगितलेली रक्कमही नव्या लॅपटॉपच्या जवळजवळ निम्मी होती, पण खरं सांगायचं तर मी घाबरलो तो रकमेला नव्हे. मी तिथल्या तिथे ठरवलं, की पडदा घरीच बदलायचा. स्वतः.

तिथून तडक बुधवारात गेलो. पासोड्या विठोबाच्या आसपास विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची इतकी दुकानं आहेत, की माणूस घरून काय आणायला निघाला होता ते विसरून दोन वायरी घेऊन परततो. मी एका काउंटरवर रुबाबात म्हणालो, "लॅपटॉपचा पडदा द्या. पंधरा इंची."

दुकानदाराने माझ्याकडे, खिडकीच्या पडद्याचं माप घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "15.6 का? तीस पिन की चाळीस पिन? मॅट की ग्लॉसी? कान आहेत की बिनकानाचा?"

"कान?"

"बाजूला स्क्रूच्या पट्ट्या असतात हो. आधी घरी जाऊन खोला. पॅनेलच्या पाठीवर स्टिकर असतो, त्याच्यावर नंबर. त्याचा फोटो काढून आणा."

म्हणजे लग्न जुळवण्यासारखाच प्रकार. नुसती उंची सांगून भागत नाही, पत्रिका आणावी लागते.

शुक्रवारी सौ. भजनाला गेली आणि मी टेबलावर पंचा अंथरून शस्त्रक्रियेला बसलो. मुलीने फोनवरून तंबी दिली होती, "बाबा, आधी बंद कर. चार्जर काढ. मग खालचं झाकण खोलून बॅटरीची वायर सोडव. त्याआधी दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. आणि नळाला एकदा हात लाव, अंगातली वीज जाऊ दे." माझ्या अंगात वीज आहे असं आयुष्यात प्रथमच कुणीतरी म्हणत होतं. मी नळाला दोनदा हात लावला.

स्क्रू इतके बारीक, की मोहरीशी सहज सोयरीक जमावी. ते ठेवायला मी जुना मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या. खालच्या झाकणाचे एका वाटीत, चौकटीचे दुसरीत. पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट जुन्या एटीएम कार्डाने हलक्या हाताने उचकटायची असते. दर खाचेला 'टक्' असा आवाज येई आणि माझ्या काळजातलंही एक खाचं सुटे. मग बाजूचे चार स्क्रू काढून पडदा पुढे, बटणांवर पालथा घातला. पाठीवर खरंच स्टिकर होता, खाली एक चपटी वायर होती आणि तिच्यावर चिकटपट्टी. पट्टी सोलली, कडी उचलली, वायर सरकवून काढली. तीस पिन. कान असलेला. पत्रिका मिळाली.

शनिवारी नवा पडदा घेऊन आलो. पाच हजार चारशे रुपये. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला आणि ती रात्र मी त्याच्याविषयी वाचण्यात घालवली. (मोबाईलवर. 'घ' आणि 'ध' खरंच एकच दिसतात.) दोन काचांच्या मध्ये केसाहून कितीतरी पातळ असा द्रव-स्फटिकांचा थर असतो म्हणे, आणि मागून उजेड. तो थर उजेडाला कुठे वाट द्यायची आणि कुठे अडवायची ते ठरवतो. काच तडकली की थर विस्कटतो, त्याचाच तो काळा डाग. आणि या सगळ्याची सुरुवात कुठून? तर गाजरातून! 1888 साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनित्सर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ 145.5 अंशांना वितळून गढूळ झाला आणि 178.5 अंशांना पुन्हा वितळल्यासारखा स्वच्छ झाला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! दुसरा कुणी असता तर थर्मामीटरला नावं ठेवून घरी गेला असता. रायनित्सरने मात्र आपल्याला हे कळत नाही असं एका भौतिकशास्त्रज्ञाला पत्राने कळवलं. त्यातून द्रव-स्फटिकांचं शास्त्र उभं राहिलं.

मला कळत नाही, हे त्या गृहस्थाने परक्या माणसाला लिहून कळवलं. मला जे चांगलं कळत होतं, ते मी घरातल्या घरात सांगू शकलो नव्हतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

रविवारी दुपारी सौ. वामकुक्षी घेत असताना मी नवा पडदा जोडला. मुलीची दुसरी तंबी होती, "चौकट बसवायच्या आधी चालू करून बघ." बॅटरीची वायर लावली, बटण दाबलं. आत पंखा घुरघुरला आणि पडदा काळाच्या काळा. माझ्या कपाळावर घाम आला. मला इस्त्री आठवली. पुन्हा बंद केलं, बॅटरी सोडवली, ती चपटी वायर काढून पुन्हा सरळ रेषेत, शेवटपर्यंत सरकवली, कडी बसवली. पुन्हा बटण. आणि उजेड आला! पण धुक्यातून यावा तसा. सगळं पुसट. मी खचलो. पाच हजार चारशे रुपयांना मोतीबिंदू विकत घेतला होता!

"अहो, वरचा कागद काढा की," मागून आवाज आला. सौ. केव्हा उठली कोण जाणे. तिने नखाने कोपरा धरला आणि पडद्यावरची पातळ झिल्ली सर्रकन सोलून काढली. आत लखलखीत चित्र. बालगंधर्वला तिसरी घंटा होऊन पडदा वर जावा, तसं.

"तुम्ही केलंत हे?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत असा भाव मी शेवटचा कधी पाहिला होता ते आठवेना. मला तो बघवेना, म्हणून मी स्क्रू मोजायला लागलो. सगळं बसवून झाल्यावर एक उरला. तो अजून मिसळणाच्या डब्यात आहे.

संध्याकाळी साडेसातला नात पडद्यावर आली. दुधाची मिशी स्वच्छ दिसत होती. सौ.ने धडा सुरू करण्याआधी तिला समजावलं, "हे बघ राणी, कंप्युटरवर कधी जड पुस्तक ठेवायचं नाही हं. आजीने ठेवलं आणि काय झालं बघ."

पुरावा तर मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. दुकानातल्या पोराला मी पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हतो. काहीही बोलायची गरज नव्हती.

"आजीने नाही फोडला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आजोबांनी फोडला. चष्मा आत ठेवून झाकण लावलं. आणि सांगितलं नाही."

पलीकडे नात खदखदून हसली. "आजोबा, यू आर सो सिली!" मुलगी मागून डोकावली, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे आणि शहाणपणाने तोंड मागे घेतलं.

सौ. काहीच बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने तासभर 'क्ष' आणि 'ज्ञ' शिकवले, नातीने 'यज्ञ' ला 'यद्न्य' असं मोठ्या प्रयासाने म्हटलं, शाबासकी मिळवली आणि टाटा केला. मी शेजारी बसून होतो, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं केलेल्या मुलासारखा.

लॅपटॉप मिटण्याआधी तिने आत हात फिरवून बघितलं. मग उठली.

"तेवढा शब्दकोश माळ्यावरून काढून द्या," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी 'त्र' घ्यायचा आहे."

मी स्टुलावर चढलो. शब्दकोश तिच्या हातात दिला.

"आणि उद्या त्या चष्म्याची काडी सरळ करून आणा," ती म्हणाली. "मंगळवारपासून वाकडी आहे."