फरशीच्या खाली काय आहे?



दिवाळी झाली की आपल्याकडे घराची कामं निघतात. पावसाची ओल सुकलेली असते, मुलांच्या परीक्षा लांब असतात आणि चातुर्मासही संपलेला असतो. मग फोन येतात. "अगं, टाइल्स कुठल्या घेऊ? मॅट की ग्लॉसी? ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?" मी सांगते, रंग नंतर ठरव, आधी फरशीच्या खाली काय आहे ते विचार. समोरची जरा हिरमुसते, कारण फरशीखालचं पाहुण्यांना दिसत नाही. पण खर्च तिथेच असतो आणि भांडणंही तिथेच होतात.

आमची पुण्यात दोन घरं आहेत. एकात आम्ही राहतो. दुसरं, दोन खोल्यांचं, सासऱ्यांनी घेतलेलं, ते भाड्याने दिलेलं आहे. मागच्या वर्षी दोन्हीकडे काम निघालं आणि पैसे एकाच कामापुरते होते. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या खालच्या फळ्यांना वाळवी लागली होती. सूनबाईला नवं किचन हवं होतं, मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात भाड्याच्या घराखाली राहणाऱ्या आजींचा निरोप आला, की त्यांच्या मुरीच्या छताला ओल आली आहे, पोपडे गळतात, पांढरा क्षार दिसतो आणि बेडरूमच्या भिंतीपर्यंत डाग आला आहे.

आमचे हे म्हणाले, "वरून टाइलच्या फटींत ग्राउट भरून घेऊ, सहा हजारांत काम होईल." सगळं उखडून करायचं तर मिस्त्रीने पंचाऐंशी हजार सांगितले. घरात दोन दिवस हीच चर्चा.

इथे थोडं समजून घ्या, कारण मिस्त्री हे कधी नीट सांगत नाहीत. आपल्या बहुतेक इमारतींत बाथरूमखालचा स्लॅब बाकीच्या स्लॅबपेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यातून पाइप जातात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग फरशी. सांध्यांतून किंवा जुन्या पाइपाच्या जोडातून पाणी खाली उतरलं की ते त्या भरावात साठून राहतं, जणू पाण्याने भिजलेला स्पंज. वरून फटी बुजवल्या तरी आत साठलेलं पाणी महिनोन्‌महिने खाली झिरपत राहतं. गळती पाइपाच्या जोडात असेल तर ग्राउटचा काही उपयोगच नाही. हळूहळू ओल स्लॅबच्या सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजली की फुगते आणि तिच्या खालचं काँक्रीट फुटून पडतं. पोपडे पडतात तेव्हा नुसता रंग खराब होत नसतो.

म्हणजे सहा हजारांत गळती थांबणार नव्हती, फक्त आजींची तक्रार पुढच्या पावसाळ्यावर जाणार होती. मी हे यांना कागदावर चित्र काढून दाखवलं.

आणखी एक गोष्ट. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे स्पष्ट आहे: गच्चीतून येणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, हे सोसायटीचं काम. आपल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी आतली गळती मात्र ज्याच्या घरातून येते त्या सभासदाने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची, सोसायटीला कळवून. त्यामुळे "सोसायटी बघेल" किंवा "खालच्यांनी छताला रंग मारून घ्यावा" या दोन्ही वाटा बंद. सभासद आम्ही, घरात राहणारा मुलगा-मुलगी नव्हेत.

ती दोघं तरुण आहेत, आयटीत नोकरी करतात, एक वर्षाचं बाळ आहे. ती मला काकू म्हणते. तिने अगदी संकोचून विचारलं, "काकू, हे आमच्या वापरण्यामुळे झालंय का? आमच्या डिपॉझिटमधून कापणार का?" मला फार वाईट वाटलं. पंचवीस वर्षांपूर्वीचा लोखंडी पाइप गंजला, त्यात त्या पोरीचा काय दोष?

करारनाम्यात मात्र हे सगळं धूसर असतं. "किरकोळ दुरुस्ती वापरणाऱ्याने करावी" असं एक वाक्य टाकतात आणि किरकोळ म्हणजे काय ते कुणीच लिहीत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. त्यात घर राहण्याजोगं ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण आपण आता जे अकरा महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार करतो, त्यातला राहणारा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो. त्याला आधार असतो तो करारात लिहिलेल्या ओळींचा. म्हणून त्या ओळी आपणच नीट लिहायच्या. आमच्या नव्या करारात मी घातलं: नळाचा वॉशर, बल्ब, फ्लशची दोरी, तुंबलेली जाळी हे त्यांचं. भिंतीच्या आणि फरशीच्या आतलं सगळं, पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, हे आमचं. एजंट म्हणाला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, मग आपण लिहू.

आता पैशाचं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण हिशेबाची वही अजून माझ्याकडेच असते. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकर काढताना आपण भरलेला महापालिकेचा कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेतून सरळ 30 टक्के वजावट मिळते. समजा भाडं महिना 20,000, म्हणजे वर्षाचे 2,40,000. मालमत्ता कर 12,000 भरला. राहिले 2,28,000. त्याचे 30 टक्के म्हणजे 68,400 रुपयांवर कर नाही. ही वजावट दुरुस्ती-देखभालीसारख्या खर्चांपोटी धरलेली आहे, पण तुम्ही एक रुपया खर्च केला की लाख, बिल कुणी मागत नाही. खर्च जास्त झाला तरी वजावट तेवढीच.

बिल कुणी मागत नाही, तिथेच खरी गोम आहे. अनेक घरमालकिणींना मी म्हणताना ऐकलंय, "भाड्यात काय उरतं, दुरुस्ती कुठून करू?" अहो, दरवर्षी त्या घराच्या नावावर वजावट घेतलीत, ती कुठे गेली? ती आपल्या सोन्याच्या भिशीत गेली, की मुलीच्या लग्नात? मी भाड्याच्या घराचं वेगळं बचत खातं ठेवलंय आणि दरवर्षी तेवढी रक्कम त्यात टाकते. त्या खात्यात होते ते पैसे बाथरूमचे होते. ते उचलून माझ्या ट्रॉल्यांना लावले असते तर आयकरवाल्यांनी काही म्हटलं नसतं. पण अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलोय, त्यातला प्रतिरूपकव्यवहार आठवा: चांगल्याच्या नावाखाली हलकं खपवणं. आपण तो दुकानदारापुरता समजतो. ओलीवर पांढरा डिस्टेंपर मारून नव्या माणसाला घर दाखवणं हे दुसरं काय असतं? यांना मी एवढंच विचारलं. हे उठून मिस्त्रीला फोन करायला गेले.

काम कसं करून घेतलं ते सविस्तर सांगते, कारण इथेच लबाडी होते.

सगळी फरशी आणि भराव काढून स्लॅबपर्यंत जायचं. अर्धवट नाही. राडारोडा पोत्यांत भरून त्याच दिवशी खाली. सोसायटीला आधी लेखी अर्ज, बीम-कॉलमला हात लावणार नाही असं त्यात लिहून. जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी. स्लॅब घासून, पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथल्या फटी नीट बुजवून मग वॉटरप्रूफिंगचे हात. हे हात भिंतीवरही चढवायला हवेत, फूटभर तरी, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीला. मिस्त्री भिंतीचं विसरतात.

मग पाण्याची चाचणी. पाइपाची तोंडं बंद करून तो खड्डा पाण्याने भरायचा, पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखायची आणि 48 तास थांबायचं. ही चाचणी फरशी बसवण्याच्या आधी, कोबा भरण्याच्याही आधी. आमचा मिस्त्री म्हणत होता, "ताई, काही गरज नाही, मी गॅरंटी देतो." गॅरंटी तोंडाची असते. माझ्या जाऊबाईंनी वेगळाच प्रश्न काढला, दोन दिवस पाणी साठवून ठेवायचं म्हणजे जीवोत्पत्तीचं काय? रास्त प्रश्न होता. पाइपाला फडकं बांधून पाणी गाळून भरलं, वर जुनी चादर ताणून बांधली, डास बसू नयेत म्हणून दार बंद ठेवलं आणि 48 तास झाल्यावर तासभरही जास्त ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आजींकडे जाऊन बॅटरीच्या उजेडात छत पाहिलं. एका कोपऱ्यात, पाइपाभोवती, रुपयाएवढा ओला ठिपका होता. गॅरंटीवाल्या मिस्त्रीने तो कोपरा पुन्हा केला, पुन्हा पाणी भरलं. दुसऱ्यांदा कोरडं निघालं. तो ठिपका फरशी बसवल्यावर दिसला असता तर सगळं परत उखडावं लागलं असतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. दहा टक्के शेवटी, महिनाभर वापर झाल्यावर. बिल पक्कं घ्या, जीएसटी नको म्हणून कच्च्या चिठ्ठीवर जाऊ नका. उद्या घर विकताना भांडवली सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा करता येतो, त्याला पुरावा लागतो. साधी दुरुस्ती त्यात धरत नाहीत, पण काय कशात बसतं ते तुमचे सीए ठरवतील, कागद तरी हवा.

भिंत उघडीच होती, तेव्हा गीझरची वायरही बदलून घेतली आणि मीटरजवळ आरसीसीबी बसवला. बाळ रांगतंय त्या घरात.

अठरा दिवस काम चाललं. ती दोघं बाळाला घेऊन तिच्या आईकडे राहिली. त्या दिवसांचं भाडं आम्ही घेतलं नाही. आजींच्या छताचा गिलावा आणि रंगही आमच्याच खर्चाने करून दिला. टाइल्सचा रंग मात्र मी त्या पोरीलाच निवडायला सांगितला. फिकट हिरवा घेतला तिने, मला काही फारसा आवडला नाही.

आमच्या किचनचं म्हणाल तर ते या वर्षी होईल. लाकडी कपाटं नको असं ठरलंय, म्हणजे वाळवी आणि तिच्यावरची ती औषधं, दोन्हींचा प्रश्नच नको. कडप्प्याचे कप्पे, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, दारं अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची. सूनबाई म्हणते, जुन्या पद्धतीचं दिसेल. दिसू दे.

आणखी एक काम मी केलं, ते तुम्हीही करा, पैसे लागत नाहीत. भिंती बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला, शेजारी मोजायची टेप लावून, म्हणजे पाइप आणि वायर जमिनीपासून किती इंचांवर आहे ते कळतं. छापून एक प्रत करारनाम्याच्या फाइलला लावली, एक त्या पोरीला दिली. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला, "काकू, आरशासाठी ड्रिल मारायचंय, फोटोत बघितलं, डावीकडे पाइप आहे. उजवीकडे मारू ना?"

मी लिहिलं, मार.