रागाचा पल्ला

रात्री वाहिन्यांवरची भांडणं ऐकून झोपलेला माणूस सकाळी धावायला उतरला की लांबूनच ओळखू येतो. खांदे कानांशी, मुठी आवळलेल्या, पहिला किलोमीटर सुसाट. तिसऱ्याला तो कमरेवर हात ठेवून उभा. रागाला वेग भरपूर असतो, पल्ला नसतो.

काही वर्षांच्या खंडानंतर मी लांब पल्ल्याचं धावणं पुन्हा सुरू केलं, ते राजकारणाच्या वैतागातूनच. 1985 साली पक्षांतरबंदी कायदा आला तेव्हा आयाराम-गयारामांचं दुकान बंद होईल, असं लोकांना वाटलं होतं. 2022 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रातले दोन अख्खे पक्ष फुटले आणि नाव-चिन्ह कोणाचं, हे मतदारांना विचारण्याआधीच ठरून गेलं. आपण बटण दाबलं ते चिन्ह नंतर कुठे गेलं, हे आपल्याला बातम्यांतून कळावं! हा संताप पोचवायचा कुठे, ते कळेना. निदान पाय तरी आपल्या हातात होते.

आमच्या कोकणातल्या कुणकेश्वरात धावणारा घड्याळाआधी पंचांग बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती. त्या दिवशी पहाटे पाचला समुद्र पार मागे गेलेला असतो आणि देवळाखालच्या पुळणीवर ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा मिळतो. अष्टमीला सगळं उलट. सहाच्या सुमारास पाणी वर, आणि दिवस भांगाचे. रापणीवरचा एखादा म्हातारा न विचारता सांगतो, "आज भांग आसा. पाणी लांब जावचा नाय. रस्त्यार धाव." मग मुकाट्याने डांबर. कारण वरच्या सुक्या वाळूत धावायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते. ओला पट्टाही सपाट नसतोच. तो समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि त्या बाजूचं कंबरडं कुरकुरतं. म्हणून जेवढं जायचं तेवढंच त्याच काठाने परत यायचं, म्हणजे भार दोन्ही बाजूंना वाटला जातो.

खंडानंतर दम लवकर परत येतो, शिरा उशिरा. काही आठवड्यांत छाती म्हणते पळ. टाचेमागची जाड शीर मात्र काही महिने मागते. बहुतेक दुखापती या मधल्या काळातल्या. इलाज एकच, हळू धावणं. किती हळू? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकं. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. ऐकायला सोपं, करायला महाकठीण, कारण शाळकरी पोरंसुद्धा बाजूने पुढे जातात आणि आपण जाऊ द्यायचं असतं.

माझा धावण्यातला जोडीदार नेमका माझ्या विरोधात मत देणारा. आम्ही राजकारणावर बोलतो, पण त्याच वेगात. आवाज चढवला तर पुढच्या चढावर धाप लागते, म्हणून समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. आमची मतं बदललेली नाहीत. तो काय म्हणतो, हे मात्र मला आता नीट सांगता येतं.

पल्ल्याची सवय लागली की माणसं मोजण्याचं मापही बदलतं. मालवणात राजकोटावर 4 डिसेंबर 2023 रोजी शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. समोर पाण्यात, 1664 मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग उभाच आहे. याच किनाऱ्याने, तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून, आधी नाथ पैंना आणि मग 1971 पासून सलग पाच वेळा मधू दंडवत्यांना दिल्लीला पाठवलं. रेल्वेमंत्री असताना दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. कोकणात रेल्वे यावी म्हणून ते वर्षानुवर्षं झटले. 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा ते अर्थमंत्री होते. 1991 च्या निवडणुकीत ते हरले. पूर्ण मार्गावर गाडी धावली 1998 मध्ये. आपण हरल्यावर सात वर्षांनी पूर्ण होणाऱ्या कामाला हात घालणारा उमेदवार आज मला ओळखू येईल का, हा प्रश्न मी पुढाऱ्यांआधी स्वतःला विचारतो.

राग गेलेला नाही, जाऊही नये. तो पहिल्या किलोमीटरला उधळला जात नाही, एवढंच. रात्रीच्या चर्चांत दिल्ली पेटलेली असायची, आणि आमच्या शाळा-रस्ते बघणारी जिल्हा परिषद 2022 पासून कित्येक वर्षं निवडून आलेल्या सदस्यांशिवाय प्रशासकांच्या हाती होती. त्यावर कोणी ओरडत नव्हतं, मीही नाही. कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. तिथे जायचं, ठरावाची नक्कल मागायची, उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेत तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारायचा. काम कंटाळवाणं आहे. पण दर रविवारी दोन-दोन तास तेच पाऊल टाकणाऱ्याला कंटाळ्याची भीती उरत नाही, आणि सभा गुंडाळायची घाई झालेल्या कुणाहीपेक्षा त्याचा दम नक्कीच जास्त असतो.