कुंपणावरची कळलावी

ओतूरच्या आमच्या घरामागे गेल्या आषाढात कुंपणाजवळ एक वेल आपसूक उगवली. आईने पानांची टोकं दाखवली. तारेसारखी वळून त्यांनी कुंपण धरलं होतं. "कळलावी आहे, गौरींना फुलं होतील," ती म्हणाली. श्रावणात पिवळी-लाल, ज्वाळेसारखी फुलं आली आणि शंका फिटली.

माझा जीव मात्र धास्तावला. नातू दोन वर्षांचा, हाताला येईल ते तोंडात घालणारा. या वेलीच्या सर्वच भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन असतं. गाऊटच्या रुग्णाला आम्ही याचीच अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी मोजून देतो. कंद खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात, पुढे रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. नावावरून बाळंतपणात तर कधीच वापरू नका. कुणी खाल्ल्याचा संशय आला, तर त्रास होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा. वेलीचा तुकडा किंवा फोटो सोबत न्या.

उपटून टाकणार होतो, पण आईचं मन मोडवेना. तोवर नातवाला मागच्या अंगणात एकटं सोडलं नाही. दिवाळीनंतर वेल वाळली, तेव्हा हातमोजे घालून लांबून खणलं. नांगराच्या फाळासारखा कंद निघाला. त्याचा कोंब ठिसूळ असतो, तो मोडला तर वेल फुटत नाही. गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत तो आडवा लावला आणि जिन्याच्या दाराला कडी बसवली.

आता आईला गौरींची फुलं आणि मला शांत झोप.